मोहरी एकाच पोत्यातली, उतारा मात्र निम्मा

पवनी तालुक्यातील एका शेतकरीभाऊंचे पत्र:

‘साहेब, स. न. वि. वि. आमच्याकडे धान निघाल्यावर बांधीत हरभरा घेत होतो. पण रानडुकरांनी सलग तीन वर्षे तो उकरून खाल्ला, म्हणून गेल्या रब्बीत पहिल्यांदाच तीन एकर मोहरी पेरली. उमरेड तालुक्यातील माझ्या साडूभाऊंनी सोयाबीन काढून २२ ऑक्टोबरला पेरणी केली. आमचे उशिरा निघणारे भारी धान ऑक्टोबरअखेरच्या पावसात अडकले आणि बांधी मोकळी होऊन वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, येईपर्यंत २४ नोव्हेंबर उजाडला. दोघांचे बियाणे एकाच दुकानातले, एकाच लॉटचे. उगवण माझीही चांगली होती. संक्रांत झाल्यावर तीन-चार दिवसांनी आभाळ आले ते आठ-नऊ दिवस राहिले, मावा पडला, दोन फवारण्या केल्या. साडूभाऊंना एकरी ५ क्विंटल झाली, मला सव्वादोन. गावात म्हणतात की बियाणे बोगस निघाले, दुकानदाराची तक्रार कर. जिल्ह्यात मात्र मोहरी चांगली पिकली असे ऐकतो. पुतण्या म्हणतो, कॅनडातल्यासारखा कॅनोला लाव, त्याचा उतारा जास्त. खरे काय समजावे? सौ.ने विचारले आहे की घाणीवर तेलही कमी का निघाले. सोबत माझ्या आणि साडूभाऊंच्या वावरातली दोन-दोन वाळलेली झाडे पाठवीत आहे.’

भाऊ, नमस्कार.

तुम्ही नुसते पत्र न लिहिता झाडे पाठवलीत हे फार बरे केलेत, कारण तुमच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे त्या झाडांवरच आहेत. मोहरीच्या मुख्य दांड्यावर फुले खालून वर उमलत जातात. त्यामुळे सर्वांत खालची शेंग सर्वांत आधीच्या फुलाची आणि वरची नंतरच्या फुलाची असते. एका दांड्यावर दिवसाला साधारण दोन-चार फुले उमलतात असे धरले, तर कोणत्या आठवड्यात पिकावर काय गुदरले हे खालून वर मोजत गेल्यास बऱ्यापैकी कळते. तुमच्या झाडांपैकी मोठे झाड मी टेबलावर आडवे ठेवून मोजले. खालच्या २२ शेंगा जागेवर आहेत. त्यानंतर ओळीने २७ देठ रिकामे आहेत, म्हणजे तेथे फुले आली होती पण शेंग धरली नाही. आणि त्यावर पुन्हा काही लहान, वाकड्या शेंगा आहेत. पेरणी २४ नोव्हेंबरची, आणि पहिले फूल यायला ४५ दिवस धरले, तर ८ जानेवारीच्या सुमारास तुमचे पहिले फूल दिसले असणार. तेथपासून २२ शेंगांचे सात-आठ दिवस सोडले की आपण संक्रांतीच्या पलीकडे पोहोचतो आणि रिकाम्या देठांचे पुढचे नऊ दिवस तुमच्या त्या आभाळाच्या दिवसांवर जवळजवळ तंतोतंत बसतात. साडूभाऊंच्या झाडावर असा मोकळा पट्टा कोठेही नाही. शेवटचा वीतभर शेंडा तेवढा रिकामा आहे, पण तो तसा असतोच, कारण शेवटची फुले पोसण्याची ताकद झाडात उरलेली नसते.

पुढे शेंगा सोलल्या. साडूभाऊंच्या शेंगेत सरासरी १२ दाणे निघाले, तुमच्या शेंगेत ८. उरलेल्या जागी पडद्याला चिकटलेले, टाचणीच्या टोकाएवढे काळपट ठिपके होते, आणि ते न भरलेले दाणेच होत. दोन्हीकडचे २००-२०० दाणे मोजून ओळखीच्या सराफाच्या काट्यावर ठेवले, तेव्हा साडूभाऊंचे दाणे ०.८४ ग्रॅम भरले आणि तुमचे ०.६४ ग्रॅम, म्हणजे हजार दाण्यांमागे ४.२ ग्रॅमला ३.२ ग्रॅम. शेंगांची संख्या मात्र फारशी कमी नाही. त्यांच्या झाडावर सरासरी २१० आणि तुमच्या झाडावर १९०, कारण मुख्य दांडा रिकामा गेला तरी मोहरी बाजूच्या फांद्यांवर भरपाई करून घेते. आता हे तिन्ही घटक एकत्र धरा. शेंगा नऊ-दशांश, शेंगेतील दाणे दोन-तृतीयांश आणि दाण्याचे वजन सुमारे तीन-चतुर्थांश. यांचा गुणाकार ४६ टक्क्यांच्या आसपास येतो, आणि ५ क्विंटलचे ४६ टक्के म्हणजे २.३ क्विंटल. दोन झाडांवरून तीन एकरांचा हिशेब मांडणे धाडसाचे आहे हे मान्य; पण तुमचे सव्वादोन क्विंटल इतके जवळ जुळल्यावर बियाण्याकडे बोट दाखवायला मला तरी जागा दिसत नाही. बियाणे खराब असते तर उगवण विरळ झाली असती किंवा वावरात उंच-बुटकी, लवकर-उशिरा फुलणारी झाडे मिसळून दिसली असती, आणि एकाच लॉटचे असल्यामुळे साडूभाऊंच्या वावरातही तेच दिसले असते. तेव्हा तक्रारीचा अर्ज कृपा करून करू नका. पावती आणि पिशवीवरील लेबल जपून ठेवण्याची सवय मात्र सोडू नका, कारण एखाद्या वर्षी खरोखरच बियाणे खराब निघाले तर तेच कामी येते.

हवामान दोघांचे वेगळे होते का, तर नाही. पवनी आणि उमरेड यांमध्ये मोटारसायकलने जेमतेम तास-सव्वा तासाचे अंतर. मधले भिवापूर ओलांडले की आभाळ बदलते असे काही नाही. जे ढग तुमच्या बांधीवर होते तेच त्यांच्या सोयाबीनच्या वावरावरही होते. फरक एवढाच की त्या ढगांखाली तुमचे पीक फुलात होते आणि त्यांच्या शेंगा भरून पिवळ्या पडू लागल्या होत्या. कॅनोला, सरसों, मोहरी ही सगळी एकाच कुळातली पिके, आणि या कुळात उताऱ्याचा निकाल फार थोड्या दिवसांत लागतो. कॅनोलावर ऑस्ट्रेलियात झालेल्या अभ्यासातून हा नाजूक काळ फुलोरा सुरू झाल्यानंतर थोड्याच दिवसांनी लागतो असे दिसले आहे, आणि आपल्याकडच्या हिवाळी तापमानाने हिशेब केला तर तो पहिल्या फुलानंतर सुमारे आठवड्याने सुरू होऊन पुढचे अडीच-तीन आठवडे चालतो. त्या काळात किती शेंगा राखायच्या आणि शेंगेत किती दाणे ठेवायचे हे झाड आपल्या अंगात येणाऱ्या अन्नावरून ठरवते, आणि अन्न येते ते उन्हातून. आभाळ राहिले की अन्न तुटते आणि झाड आपला पसारा आवरते. साडूभाऊंचा हा काळ डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होऊन महिनाअखेर संपला, तोही स्वच्छ ऊन आणि थंड रात्री असताना. तुमचा काळ जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत होता. तो नेमका आभाळाखाली सापडला, आणि त्याच दिवसांत मावाही आला.

त्यानंतर दाणे भरायची वेळ आली तेव्हा फेब्रुवारी उजाडला होता. नागपूरचे जानेवारीतील सरासरी कमाल तापमान २८-२९ अंश असते, फेब्रुवारीत ते ३१-३२ पर्यंत जाते आणि मार्चमध्ये ३६ ओलांडते. आता-आताच्या वर्षांत तर याचाही भरवसा राहिलेला नाही. सरासरी कमाल तापमान पाहिले तर २०२३ चा फेब्रुवारी हा तोवरच्या, १९०१ पासूनच्या नोंदींत देशातील सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला, आणि त्याआधी २०२२ चा मार्च तसाच ठरला होता. दिवसाचा पारा ३० अंशांच्या वर राहू लागला की या पिकाचे पराग दुबळे पडतात, फुले गळतात आणि दाणा भरण्याचे दिवसच आखडतात. दाणा लवकर पिकतो खरा, पण अर्धपोटी पिकतो.

राजस्थानच्या मोहरीशी आपली तुलना लोक सहज करतात, तिचेही उत्तर येथेच आहे. पिकाची वाढ मोजताना दिवसाच्या सरासरी तापमानातून ५ अंश वजा करतात, आणि उरते ते त्या दिवसाचे अंश-दिवस. आपल्याकडे जानेवारीत दिवसा २९ आणि रात्री १३ अंश असले तर सरासरी २१ होते, ५ वजा जाता १६ उरतात. ज्या भरतपूरजवळ सेवर येथे देशाची मोहरी संशोधन संस्था आहे त्या भागात दिवसा २२ आणि रात्री ७ धरले तर साडेनऊच उरतात. म्हणजे आपले पीक दीडपटीहून अधिक वेगाने म्हातारे होते. तेथील झाडाला फुलायला आणि दाणे भरायला जितके दिवस मिळतात तितके आपल्या झाडाला कधीच मिळणार नाहीत, आणि त्यातलेही १०-१५ दिवस उशिरा पेरणीने गमावले तर हाती काय उरणार? म्हणून तिकडचे एकरी आकडे दाखवून कोणी तुम्हाला बियाणे विकू लागले, तर पाणी द्या, चहा द्या आणि रवाना करा.

जिल्ह्यात मोहरी चांगली पिकली असे तुम्ही ऐकता, तेही खोटे नसावे. सरासरी म्हणजे साडूभाऊंसारख्यांचे पाच आणि तुमच्यासारख्यांचे सव्वादोन यांची मोळी. शिवाय विदर्भ हा एकजिनसी प्रदेश नाही. पश्चिमेकडे, अकोला-बुलढाण्यात, वर्षाचा पाऊस ७००-८०० मिलिमीटरच्या घरात, तर गोंदिया-गडचिरोलीकडे तो १३०० च्या पुढे जातो. तुमचे धान ज्या पावसात अडकले तसाच ऑक्टोबरअखेरचा पाऊस वर्धा-यवतमाळकडच्या काळ्या कन्हार जमिनीत, सोयाबीन निघाल्यानंतर पडला, तर तेथील कोरडवाहू मोहरीला तो अमृतासारखा. पेरणी ओलीवर होते आणि सोटमूळ खोल जाऊन पुढचे दोन महिने त्या ओलीवर काढते. तोच पाऊस चिखलणी केलेल्या बांधीत पडला की पाणी जिरत नाही, वापसा लांबतो आणि पेरणी तीन-चार आठवडे मागे जाते. एकाच पावसाने एका तालुक्यात उतारा वाढतो आणि दुसऱ्यात घटतो. तेव्हा ‘यंदा पाऊस चांगला झाला, मोहरी पिकेल’ असे सरसकट वाक्य मी ऐकले की आधी विचारतो, कोणत्या जमिनीत आणि कोणत्या पिकामागे?

थंडीचेही थोडे असेच आहे. आपल्याकडे ती बहुतेक वेळा उपकारच करते. पण २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. अशा रात्री खोलगट वावरात, नाल्याकाठी गार हवा साचते आणि दुधाळ दाण्यांच्या शेंगा आतून काळ्या पडतात, तर धुऱ्यापलीकडचे चढावरचे वावर सुखरूप राहते. थंडीची लाट येण्याची सूचना असेल तर संध्याकाळी हलके पाणी द्यावे, ओल्या जमिनीची ऊब रात्री कामी येते. आपल्या पंपांना वीज अनेकदा रात्रीची मिळते. एरवी त्याबद्दल कितीही बोटे मोडली तरी या एका कामाला ती सोयीची पडते.

आता पुतण्याचा कॅनोला. त्याची हौस मोडायची नाही, पण पीक समजून घ्या. कॅनोला हे आपल्या मोहरीचे चुलत भावंड. १९७० च्या दशकात कॅनडातील शास्त्रज्ञांनी निवड करत करत रेपसीड या तेलबियेच्या तेलातील इरुसिक आम्ल हे नकोसे स्निग्धाम्ल आणि पेंडीतील तिखट द्रव्ये अगदी कमी केली. १९७४ मध्ये ‘टॉवर’ हा तसा पहिला वाण आला आणि पुढे त्या प्रकाराला कॅनडावरूनच कॅनोला हे नाव पडले. तेथे ते मे महिन्यात पेरतात आणि उन्हाळ्याच्या लांबलचक, पण सौम्य दिवसांत ते वाढते. भारतात याच जातीची गोभी सरसों पंजाबात घेतात. ती पाच महिन्यांच्या आसपास वावर अडवते आणि तिला दीर्घ थंडी लागते. आपल्याकडे एवढी थंडी नाही. ऑक्टोबरमध्ये लावली तरी तिचे दाणे भरता भरता होळी येईल.

कॅनोला लावला म्हणजे हवामानाच्या तावडीतून सुटलो असेही नाही. २०२१ च्या जूनअखेर पश्चिम कॅनडावर उष्णतेची लाट बसली; ब्रिटिश कोलंबियातील लिटन गावात २९ जूनला ४९.६ अंश तापमान नोंदले गेले. लिटनला कॅनोला नसतो, पण तीच लाट पूर्वेकडे अल्बर्टा आणि सस्कॅचेवानच्या कॅनोलापट्ट्यातही पसरली, जेथे आधीच पावसाने ओढ दिली होती, आणि फुलोऱ्याच्या तोंडावरचे पीक होरपळले. आदल्या वर्षी सुमारे १ कोटी ९५ लाख टन झालेले देशाचे उत्पादन १ कोटी ४० लाख टनांच्या आसपास घसरले. पुढच्याच वर्षी पाऊसपाणी बरे झाले आणि ते पुन्हा १ कोटी ८० लाख टनांच्या वर गेले. शेतकरी तेच आणि जमीनही तीच होती. तेव्हा पुतण्याला सांगा की नागपूर-अकोल्याकडे आपल्या हवामानासाठी निवडलेले मोहरीचे वाण आहेत, शताब्दी आहे, ‘टीएएम १०८-१’ आहे. प्रयोगाची हौस त्यांवर भागवावी.

मग येत्या हंगामात काय करावे? ढग आणि ऊन आपल्या हाती नाहीत. आपल्या फुलोऱ्याची तारीख बरीचशी आपल्या हाती आहे, आणि ती पेरणीच्या तारखेने ठरते. आपल्या भागात ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मोहरी पेरलेली बरी. फार घाईही नको. ऑक्टोबरच्या सुरुवातीच्या तापलेल्या जमिनीत कोवळी रोपे करपतात आणि काळ्या माशीच्या अळ्या पाने चाळणीसारखी करतात. पण तुमची खरी अडचण मोहरीत नसून धानात आहे. जोवर बांधीत भारी धान उभे आहे तोवर मोहरी वेळेवर पेरली जाणार नाही. तीन एकरांपैकी ज्या बांध्या उंचावर आहेत, ज्यांतले पाणी आधी उतरते, तेथे येत्या खरिपात लवकर निघणारे हलके धान लावा. धानाचे एक-दोन पोते कमी झाले तरी मोहरीत ते भरून निघेल असा माझा अंदाज आहे. खोलगट बांध्यांचा मोह सोडा. तेथे धान उभे असतानाच, कापणीच्या दहा-पंधरा दिवस आधी, ओलीवर लाखोळी किंवा जवस फेकण्याची आपल्या वडिलांची रीत चुकीची नव्हती. आणि १५ नोव्हेंबर उलटून गेला तर मोहरीचा हट्ट धरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. पाणी दोनदाच देता येत असेल तर एक फांद्या फुटताना, महिन्याभराने, आणि दुसरे शेंगा भरताना द्या. ऑक्टोबरात पेरलेली मोहरी फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात घरात येते, हा आणखी एक लाभ. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट ज्यांनी पाहिली आहे त्यांना त्याची किंमत वेगळी सांगायला नको.

माव्याबद्दल तुम्ही ओझरते लिहिले आहे, पण फवारणी कोणत्या वेळी केली ते लिहिलेले नाही. मावा ढगांतून पडत नाही, ‘पडला’ हा शब्द आपण उगाच वापरतो. त्याच्या माद्या नराशिवायच पिल्ले घालतात आणि गार, दमट, ढगाळ दिवसांत आठवड्या-दहा दिवसांत नवी पिढी तयार होते. अशा वेळी कोवळे, फुलणारे शेंडे समोर असले की त्यांची चंगळ होते. साडूभाऊंच्या वावरात तोवर कोवळे काही उरले नव्हते. आभाळ आले की रोज सकाळी वावरातून तिरपे चालत जा आणि शंभर झाडांचे शेंडे पाहा. त्यांतील दहा झाडांवर मावा दिसू लागला की थांबू नये, पण पहिला हात निंबोळी अर्काचा असावा. मावा खाणारे ढालकिडे मुबलक दिसत असतील तर दोन दिवस वाट पाहण्यानेही काम भागते. रासायनिक औषध घ्यायचेच तर लेबलवर मोहरीचे नाव असलेले घ्या आणि दुपारी चारनंतर मारा. सकाळी दहा-अकराला फुलांवर मधमाश्या असतात. मोहरी स्वतःच्या परागावरही बी धरते, पण माश्या फिरल्या तर शेंगा अधिक भरतात. त्या रिकाम्या २७ देठांमध्ये ढग किती, मावा किती आणि फवारणी भरदुपारी झाली असल्यास तिचा वाटा किती याचा निवाडा मला करता येणार नाही.

कापणी, जेव्हा पंचाहत्तर-ऐंशी टक्के शेंगा पिवळ्या होतील तेव्हा, पहाटेच्या दवात करा. उन्हात विळा लावला की शेंगा तडकतात आणि दाणा वावरातच सांडतो.

आणि वहिनींना सांगा की त्यांची शंका रास्त आहे आणि घाणीवाल्याचा यात दोष नाही. दाण्यात तेल शेवटच्या आठवड्यांत भरते, आणि नेमके तेच आठवडे उन्हात गेले. शिवाय आकसलेल्या दाण्यात गरापेक्षा टरफलाचा वाटा मोठा असतो, म्हणून तेवढ्याच वजनाच्या मोहरीतून पेंड जास्त आणि तेल कमी निघते. घरात उरलेली मोहरी सगळी एकदम घाणीवर नेऊ नका. बारीक छिद्रांच्या चाळणीतून चाळून वर राहील तो ठोकळ दाणा तेलासाठी ठेवावा, आणि खाली पडेल तो फोडणीला, लोणच्याला घरात वापरावा. मी तुमचे ते तोललेले दाणे फोडणीत टाकून पाहिले, तडतडतात छान.